गच्चीवरची टाकी आणि मुलीची ठेव

धायरीच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे : ‘जानेवारी 2025 मध्ये पतींना जीबीएस (गुलेन-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार) झाला. रुग्णालयातून घरी येऊन अडीच महिने झाले. ते वॉकर घेऊन चालतात. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा कोमट पाण्यातले व्यायाम सांगितले आहेत. जाण्यायेण्यासह एका खेपेला 1,500 रुपये लागतात. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली 12 लाखांची मुदत ठेव मोडून 9 लाखांत गच्चीवर या व्यायामासाठी टाकी बांधावी का?’

ताई, व्यायामात काटकसर करू नका. टाकी मात्र बांधू नका.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. नसा सावरायला महिने, क्वचित वर्षेही लागतात. तरी बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आपल्या पायांनी चालू लागतात. छातीभर पाण्यात पायांवर शरीराचा जेमतेम एकतृतीयांश भार येतो, म्हणून जमिनीवर न पेलणारे पाऊल तिथे उचलता येते. गरज खरी आहे, पण बहुधा काही महिन्यांची आहे.

सहा महिन्यांच्या 78 खेपांचे 1,17,000 रुपये होतात. 9 लाखांत 600 खेपा, म्हणजे जवळजवळ चार वर्षे निघतील. शिवाय तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल टाकीत साडेसात टन पाणी मावते. स्लॅबला ते पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगू शकेल. पाणी 33-34 अंशांवर राखण्याचे वीजबिल वेगळे, आणि दुबळ्या रुग्णाला पाण्यात एकटे सोडता येत नसल्याने फिजिओथेरपिस्टचे शुल्कही वाचणार नाही.

ठेव न मोडता तिच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तशी रक्कम उचलता येणारे कर्ज, घ्यावा. व्याज सामान्यतः ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असते, पण ते उचललेल्या रकमेवरच लागते आणि मुलीची ठेव वाढत राहते. वर्षाचे पॅकेज स्वस्त वाटले तरी घेऊ नये. बारा-बारा खेपांचेच पैसे भरावेत आणि दर वेळी चालण्यातील फरक व थकवा नोंदवून घ्यावा, कारण या आजारात अतिश्रमाने थकवा बळावतो आणि मग खेपा कमी कराव्या लागतात.

एक काम मात्र याच आठवड्यात करावे. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च 60, 90 किंवा 180 दिवसांपर्यंतच मिळतो. आपली मर्यादा 90 दिवसांची असेल, तर हाती पंधराच दिवस आहेत. डॉक्टरांची लेखी शिफारस आणि आतापर्यंतच्या फिजिओथेरपीच्या पावत्या लगेच एकत्र कराव्यात.