'माहीत नाही' म्हणजे शून्य नव्हे

प्रिय पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याचं हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर तुझ्याकडे आलंय, आणि तू विचारतेस की नियम मालकाचे, यंत्र विकत आणलेलं, मी नुसता कोड लिहिते, तर माझ्याकडे जबाबदारी येते किती? सगळी येते. या प्रश्नाला वळसा घालणारं उत्तर मला देता येणार नाही.

1981 सालच्या 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'अप्रत्यक्ष मालक' अशी कल्पना मांडली. कामगाराला स्वतः कामावर न ठेवणारे, पण त्याच्या कामाच्या अटी ठरवणारे, ते अप्रत्यक्ष मालक. त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः सरकार होतं. मी तो शब्द तुझ्या खुर्चीला लावतो. कुणाचा दिवस भरला आणि कुणाचा बुडाला हे आता मुकादमाच्या वहीत ठरत नाही, तुझ्या अटीत ठरतं.

बोटाच्या यंत्राचंच बघ. ठसा 'जुळला' किंवा 'जुळला नाही' असं त्याला थेट दिसत नाही. ते किती साम्य आहे त्याचे गुण काढतं. कितीच्या वर गेल्यावर जुळला म्हणायचं ही मर्यादा माणसं ठरवतात. मर्यादा चढवली की खरी माणसं अडतात, उतरवली की एकाच्या जागी दुसरा खपून जातो. आता शिलाई विभागात येणाऱ्या, घरी विड्याही वळणाऱ्या बाईचं बोट डोळ्यांपुढे आण. वर्षानुवर्षं तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरून वळायचा, टोकं मुडपायची, दोरा गुंडाळायचा. रेषा झिजून बोट गुळगुळीत झालेलं. त्यात शेडमधली कापसाची धूळ काचेवर बसलेली. यंत्र तीनदा नाकारतं आणि तुझ्या टेबलात त्या तारखेला 0 पडतं. का? तर कॉलम करताना कुणीतरी डिफॉल्ट, म्हणजे काहीच भरलं नाही तर आपोआप पडणारी किंमत, 0 देऊन ठेवलं. बाई समोर उभी आहे गं! यंत्राला ती ओळखता आली नाही, एवढंच खरं. 'माहीत नाही' म्हणजे शून्य नव्हे.

म्हणून तीन अवस्था ठेव: हजर, गैरहजर, नोंद नाही. तिसरीसाठी रकाना नुसता नल, म्हणजे रिकामा, सोडू नकोस. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं बेरजेचं फंक्शन, सम, नल गाळून बेरीज करतं, तक्रार करत नाही, आणि पगार गुपचूप कमी निघतो. मग अहवाल नीट दिसावा म्हणून कुणीतरी कोअलेस हे रिकाम्या जागी दुसरी किंमत घालणारं फंक्शन लावून नलचं 0 करतं, आणि शंका होती हेसुद्धा पुसलं जातं. 'नोंद नाही' ही स्वतंत्र किंमत असू दे. पगाराच्या तीन दिवस आधी असे दिवस माणसागणिक मोजणारी यादी सुपरवायझरकडे जाऊ दे. पगाराच्या दिवसापर्यंत उलगडा झाला नाही तर तो दिवस हजर धरायचा.

मालक म्हणेल, गैरफायदा घेतील. घेतील कुणी तर तपासा; पाळीचं रजिस्टर, उत्पादनाच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. ज्याच्याकडे कागद आहेत त्यानं सिद्ध करावं. गरिबांना अग्रक्रम, असं आपण चर्चमधल्या मिस्सानंतरच्या सभांमध्ये बोलतो. प्रोग्रॅममध्ये तो अग्रक्रम राहतो 'एल्स'च्या फांदीत, जिथे कुठलीच अट लागू झालेली नसते. तिथे तू काय लिहितेस ते मला दाखव, बाकीचं प्रवचन नको.

ठसे घेताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटं घे, प्रत्येकाचे तीन नमुने. काच रोज पाळीच्या आधी कोरड्या मऊ कापडानं पुसायची. तरीही काहींचं जुळणारच नाही, त्यांना कार्ड दे. कार्डवाल्याला वेगळी रांग, वेगळी सही असलं काही नको. त्याची हजेरी दुय्यम नाही.

पूर्णांकनाकडेही, म्हणजे राउंडिंगकडे, बघ. आठच्या पाळीला 8:01 ला आलेल्या माणसाला 8:15 धरलं, तर 14 मिनिटं गेली. 26 दिवसांची 364 मिनिटं, म्हणजे सहा तासांहून जास्त. 1891 च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात पोप तेराव्या लिओंनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन घेतलं आहे, की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. तुझ्या फंक्शनमध्ये ती ओरडत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. मिनिटं जशीच्या तशी साठव, रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत पूर्णांक म्हणून साठव, आणि शेवटी एकदाच पूर्णांकन कर, कामगाराच्या बाजूनं.

दुरुस्तीचा अधिकार शेडमध्येच ठेव. वरच्यानं खालच्याचं काम हिसकावू नये, हे 1931 च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या पोपच्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय. एक दिवस दुरुस्त करायला पुण्याच्या ऑफिसात तिकीट, म्हणजे दुरुस्तीची मागणी, टाकावी लागत असेल, तर कुणी टाकणार नाही. सुपरवायझरला बदलू दे, पण जुनी किंमत, नवी किंमत, कुणी आणि कधी बदललं, हे पुसता न येणाऱ्या नोंदीत जाऊ दे. आणि पगाराची पावती तिला वाचता येईल अशी दे. आपल्या सोलापुरात ती मराठीइतकीच तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असायला हवी. 'नोंद नाही: 2 दिवस, हजर धरले' ही ओळ पावतीवर छापलेली पाहिजे.

माझ्याबद्दल लोक म्हणतात की हा माणूस एका शून्यासाठी कामं अडवतो. अडवतो. याहून फार आधी अडवायला हवी होती, एवढीच खंत आहे. मे 2025 मध्ये नव्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेण्याचं कारण सांगताना तेराव्या लिओंची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची सांगड घातली, तेव्हा पुष्कळांना वाटलं हे काहीतरी दूरचं बोलणं. ते तुझ्या टेबलाच्या डिफॉल्टबद्दल आहे, पोरी. ते 0 काढायला नकार मिळाला तर 'मी हे लिहिणार नाही' असं लेखी कळव. नोकरीची काळजी मला समजते, भाड्याची आणि घरच्यांचीही. तरीही लेखी कळव. 'माहीत नाही' म्हणजे शून्य नव्हे, हे एवढं एक वाक्य ई-मेलात असलं तरी चालेल.

आता गेल्या तीन महिन्यांचा डेटा उघड. यंत्रानं नाकारलेले प्रयत्न एका बाजूला, त्याच तारखांना पडलेली 0 दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही जुळवून किती दिवस निघतात ते मोज. नावं पाठवू नकोस. आकडा पाठव, रविवारच्या आत.

तुझा काका