हो म्हणणाऱ्यांच्या गराड्यातून ट्रॅकवर येताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. कंपनीचा कारभार हाती घेऊन तुला वर्षही झालं नाही आणि आता तू रेसिंगसाठी जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली शर्यतीची) गाडी घेतो आहेस, हे पत्रातून कळलं. कुठली घेऊ, असं विचारतोस. चांगल्या कंपनीची कुठलीही घे. पहिली दोन वर्षं गाडी तुझ्यापेक्षा सरसच असेल, त्यामुळे त्या निवडीवर झोप घालवू नकोस. मला चिंता आहे ती गाडीशेजारी कोण उभं राहणार याची.

कारखान्यात तुला तोंडावर ‘नाही’ म्हणणारी किती माणसं उरली आहेत? वडिलांच्या काळातला एखादा जुना फोरमन सोडला, तर बहुधा कुणी नाही. मालक झालं की असंच होतं. आता पिटमध्येही, म्हणजे ट्रॅकशेजारी टीम गाडीवर काम करते तिथे, तशीच माणसं तुझ्या पैशांवर उभी असतील: मेकॅनिक, इंजिनिअर, मॅनेजर, सगळी.

तरुणपणी मी अशाच एका टीममध्ये डेटा पाहायचो. मालक स्वतः गाडी चालवायचे. गाडी वळत नाही, नाक बाहेर जातं, अशी त्यांची तक्रार असायची. दोन सीझन आम्ही सस्पेन्शन बदललं, टायरमधली हवा बदलली, पंखाचा कोन बदलला. टेलिमेट्रीवरची, म्हणजे गाडीतून नोंदल्या जाणाऱ्या आकड्यांच्या आलेखावरची, ब्रेकची रेघ मात्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. ते ब्रेक फार लवकर दाबायचे आणि वळण सुरू होताना झटक्यात सोडून द्यायचे. ब्रेक हळूहळू सोडला तर वजन पुढच्या टायरवर टिकतं, टायर रस्ता धरतात आणि गाडी आत वळते. एकदम सोडला की नाक हलकं होतं. ही एवढीच गोष्ट त्यांना सांगायची होती. मी सांगितली नाही, कारण नोकरीची भीती वाटली. आपल्याला कधी चांगली गाडीच मिळाली नाही, असं समजून त्या भल्या माणसाने रेसिंग सोडलं. ते मला आजही बोचतं. हे पत्र मी त्याच कारणाने लिहितो आहे.

अकिओ टोयोडांचं उदाहरण नीट समजून घे. जगातल्या सगळ्यात मोठ्या गाडी कंपन्यांपैकी एक असलेल्या टोयोटाच्या संस्थापकाचा हा नातू. त्यांना शिकवलं हिरोमू नारुसे यांनी. नारुसे 1963 मध्ये टोयोटात लागले, मेकॅनिकचं काम करत वर आले आणि कंपनीचे मुख्य टेस्ट ड्रायव्हर झाले. ज्याला गाडी धड चालवता येत नाही त्याने गाडीबद्दल मत देऊ नये, अशा अर्थाचं त्यांनी अकिओंना सरळ ऐकवलं. घराण्याच्या वारसाला, कंपनीतल्याच एका माणसाने! आणि वारस रागावला नाही, शिकायला बसला. 2007 मध्ये दोघं जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरले. गाड्या टोयोटाच्याच जुन्या वापरलेल्या अल्टेझा, टीमला टोयोटाचं नाव नाही आणि अकिओंनी स्वतःचं नाव लावलं ‘मोरिझो’. तेव्हा ते कंपनीच्या उपाध्यक्षपदावर होते. 2009 मध्ये अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी रेसिंग सोडलं नाही. 2021 मध्ये जपानमधल्या फुजी ट्रॅकवरच्या 24 तासांच्या शर्यतीत हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाची कोरोला उतरवली, तेव्हा चालकांमध्ये ते स्वतः होते. नव्या तंत्राच्या गाडीत आधी स्वतः बसायचं, हे मला त्यांच्या कुठल्याही पदापेक्षा मोठं वाटतं.

हेच नारुसे 2010 मध्ये नुर्बुर्गरिंगजवळच्या रस्त्यावर टेस्ट गाडी चालवताना अपघातात गेले. इतका मुरलेला हात होता तो. म्हणून पहिल्या टेस्टच्या आधी संचालक मंडळाला सगळं सांग, विमा तपास आणि तू नसताना सह्या कोण करणार ते कागदावर आण. अमेरिकेतले उद्योजक आणि रेसिंग टीमचे मालक रॉजर पेन्स्की उत्तम चालक होते, तरी धंद्यासाठी 1960च्या दशकाच्या मध्यात, ऐन भरात असताना त्यांनी स्टिअरिंग सोडलं. तुलाही कधी तसं ठरवावं लागेल. त्यात कमीपणा नाही.

आता तुझ्या जागेबद्दल. मोटर रेसिंगची जागतिक संघटना एफआयए चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा श्रेणी देते. तू ब्राँझ, म्हणजे हौशी चालकांच्या श्रेणीत असशील. अशा लांब शर्यतीत एक गाडी अनेक चालक आळीपाळीने चालवतात. फ्रान्समधल्या ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत जीटी३ गाड्यांचा वर्ग आहे, एलएमजीटी३; त्या वर्गात 2024 पासून प्रत्येक गाडीत किमान एक ब्राँझ चालक लागतोच आणि त्याला ठरावीक वेळ स्वतः चालवावं लागतं. व्यावसायिक जोडीदार एकमेकांच्या जवळपासच वेगाने जातात, म्हणून बऱ्याचदा निकाल ब्राँझवाल्यावर ठरतो. म्हणजे पैसे तुझे असले तरी जोडीदारांचं यश तुझ्या हातात असेल. हे ओझं मनापासून घे.

टेक्सासमध्ये गाड्यांच्या डीलरशिप चालवणारे बेन कीटिंग असेच ब्राँझ चालक. 2019 मध्ये ले मान्सला जीटीई-एएम या हौशी चालक असलेल्या गाड्यांच्या वर्गात त्यांची फोर्ड जीटी पहिली आली. नंतरच्या तपासणीत टाकीत 96 लिटरऐवजी 96.1 लिटर मावतात असं निघालं आणि गाडी बाद झाली. 24 तासांची मेहनत एका पेल्याहून कमी पेट्रोलापायी गेली. तिथे कुणाचा पैसा, कुणाची ओळख चालत नाही. कीटिंग परत आले, 2022 आणि 2023 मध्ये त्याच वर्गात जिंकले. रेसिंगमधला हा निष्ठुर तराजू मला प्रिय आहे, आणि तुझ्यासारख्याला तो दुसरीकडे कुठे मिळायचा नाही.

तेव्हा गाडीच्या आधी प्रशिक्षक शोध. टीमबाहेरचा हवा. त्याचे पूर्ण सीझनचे पैसे आधीच देऊन टाक, म्हणजे खरं बोलल्याने त्याचं काही बुडणार नाही. तू थकलेला दिसलास तर तुला गाडीतून उतरवण्याचा अधिकार त्याला लेखी दे. संध्याकाळी तुझ्या लॅपचा (ट्रॅकच्या एका फेरीचा) आलेख जोडीदाराच्या लॅपच्या आलेखावर ठेवून तो बोलत असेल तेव्हा मध्ये बोलू नकोस. टायर थंड होते, पुढे ट्रॅफिक होतं, हे सगळं त्याला दिसत असतं.

आणि पहिल्या टेस्टची फाइल मला पाठव. सगळ्यात वेगवान लॅपची नको. ज्या लॅपमध्ये ताबा सुटून गाडी गरकन फिरली, त्या लॅपची व्हिडिओसकट पाठव. फोन करून आपण दोघं ब्रेकची रेघ पाहू.