फळी २० इंच, शाफ्ट १५ इंच: एफडीचं नंतर बघू

देवगडकडच्या एका वाचकाचं पत्र आहे. धाकट्या भावाच्या २२ फुटी फायबर होडीचं इंजिन गेलं. एका दलालाकडे दोन वर्षं वापरलेलं, १५ इंच शाफ्टचं (शाफ्ट म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत खाली जाणारा दांडा) आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, १,२०,००० ला मिळतंय. नवं, २० इंचांचं २,१०,००० ला. दलालाला ५,००० इसार देऊन झालाय. "होडीची मागची फळी २० इंच आहे, पण दलाल म्हणतो थोडंफार चालून जातं. भावाला रोजचे १,५०० जास्त सुटतील, म्हणजे वर्षाला साडेचार लाख. माझी २ लाखांची एफडी मोडू, की बायकोचे दागिने ठेवून गोल्ड लोन काढू?" शेवटी एक ओळ: लोनच्या चौकशीला गेले तेव्हा बँकेतून २५,००० वार्षिक हप्त्याची बचत विमा पॉलिसी घेतली, दहा दिवस झाले.

दादा, पैसे कुठून आणायचे ते सांगतोच. पण फळी २० आणि शाफ्ट १५ हे दोन्ही आकडे तुम्हीच लिहिलेत आणि तसेच पुढे गेलात. त्या पाच इंचांत तुमचे १,२०,००० बुडणार आहेत.

इंजिन ज्या फळीवर अडकवतात तिची उंची आणि शाफ्टची लांबी जुळावी लागते. म्हणूनच आउटबोर्ड १५, २० आणि २५ इंच अशा मापांत येतात. पंख्याच्या वर जी आडवी पाती असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. तुमच्या भावाच्या होडीवर ती तळापेक्षा पाच इंच वर राहील. पंखा पाण्याबरोबर हवा ओढेल. इंजिन किंचाळेल, होडी मात्र वेग घेणार नाही. यापेक्षा वाईट पुढे आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी खालच्याच भागातून ओढलं जातं. माझ्या एका अशिलाने अशीच आखूड शाफ्टची खरेदी केली होती. मी त्याच्या होडीत बसलो होतो. लाट आली, मागची बाजू उचलली गेली आणि इंजिनामागून पडणारी पाण्याची बारीक धार तुटली. पुन्हा आली, पुन्हा तुटली. त्याच हंगामात ते इंजिन तापून जाम झालं.

आता हिशेब. स्वस्त इंजिनात ९०,००० वाचतात. हवा ओढणाऱ्या पंख्यामुळे दिवसाला चारच लिटर पेट्रोल जास्त गेलं असं धरा. लिटरला १०५ रुपये आणि वर्षाला २०० फेऱ्या धरल्या तर ८४,००० झाले. म्हणजे पहिल्याच वर्षी बचत जवळजवळ संपली, आणि इंजिन जळण्याचा धोका वेगळाच. फळी पाच इंच कापून घ्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मागून येणारी लाट थेट होडीत शिरेल आणि कापलेल्या कडेतून आतल्या लाकडात पाणी मुरेल. खबरदारी म्हणून २५ इंची शाफ्टही नको. खाडीच्या तोंडाशी तो वाळूला घासेल.

साडेचार लाखांचं म्हणाल तर तुम्ही ३०० दिवस धरलेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस तिथेच गेले. वादळवारा, दुरुस्ती आणि रिकामी जाळी वजा करा, २०० दिवस उरतात. रोजचे १,५०० ऐवजी ७५० धरा. दीड लाख. तेवढे सुटले तरी चांगलंच.

पॉलिसीचं मात्र आजच्या आज करा. पैशाची गरज घेऊन बँकेत आलेल्या माणसाला वर्षानुवर्षं हप्ते भरायला लावणारी पॉलिसी विकणं मला अजिबात पटत नाही, आणि असं रोज चालतं. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क आणि झालेल्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकीचे पैसे मिळतात. विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. साधारण २४,००० सुटतील.

दागिने घरातच राहू द्या आणि एफडीही मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढा, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागतील तेवढे पैसे उचला. साधारण ९० टक्के, म्हणजे १,८०,००० मिळतील, आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असेल. तिकडे एफडीचं व्याज चालूच राहतं, त्यामुळे खरा खर्च वर्षाला दोन-तीन हजारांचा. वर पॉलिसीचे २४,००० घातले की नव्या इंजिनाला फक्त ६,००० कमी पडतात. शिवाय बहुतेक बँकांत ओव्हरड्राफ्टला ठरलेला मासिक हप्ता नसतो. जून-जुलैत होडी शाकारलेली असताना फक्त व्याज भरा, हंगामात भावाकडून महिन्याला १५,००० घेऊन मुद्दल फेडा. दीड वर्षाच्या आत मोकळे व्हाल.

एक विचारायचं राहिलं. भावाची सरकारी मच्छीमार अपघात विम्यात नोंद आहे का? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख मिळतात आणि हप्ता सरकार भरतं. मच्छीमार सोसायटीत विचारून घ्या.

नवं इंजिन घेण्याआधी होडी वाळूवर असताना टेप घेऊन जा. फळीच्या वरच्या कडेच्या मधोमध, जिथे इंजिन बसतं, तिथून सरळ खाली तळापर्यंत मोजा आणि तो आकडा दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. दलालाकडे इसार परत मागा. नाहीच दिला, तर ५,००० सोडून द्या.