सुई-दोरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई ग्रामीण रुग्णालयात नर्स होती. तिच्या पांढऱ्या सुती साड्या, दोन इरकली आणि लग्नातली पैठणी माझ्याकडे आहे. त्यांची भिंतीवर लावण्याजोगी गोधडी मी स्वतः शिवणार आहे. तिच्यावर आईचं सगळं आयुष्य यावं असं वाटतं : दिवा, तुळस, पाळणा, स्टेथोस्कोप, प्राजक्त, आमच्या क्वार्टरचं दार, पंढरीची वाट. यादी वाढतच चालली आहे. पैठणीला कात्री लावायला हात धजत नाही. शिवाय एका पांढऱ्या साडीवर निळ्या शाईचा डाग आहे, तो कशानं जाईल?
– एक वाचिका, बार्शी

उत्तर : ताई, डाग अजिबात घालवू नका. नर्सच्या साडीला शाई लागते ती रजिस्टर भरता भरता. तो तुकडा डागासकट कापा आणि गोधडीत डोळ्यांसमोर येईल असा बसवा. मग स्टेथोस्कोपची गरजच उरत नाही. त्या साड्या उजेडात धरून रफू केलेल्या जागाही शोधा. आईनं स्वतः केलेली रफू म्हणजे तिचं हस्ताक्षर. ती कडेच्या शिवणीत दडपू नका.

आता यादी. दिवा, तुळस आणि पाळणा कुणाच्याही आईच्या गोधडीवर शोभतील, म्हणूनच ते वगळा. पंढरीची वाटही राहू द्या, ती कापडात काढायला गेलं की कॅलेंडरातलं चित्र होतं. दार मात्र ठेवा. पण नुसतं दार नको, तुमच्या क्वार्टरचंच हवं. रंग कुठला होता, कडी कुठल्या बाजूला होती, हे भावंडांना विचारून घ्या. भांडण होईल, होऊ द्या.

आणि प्राजक्त. तो का लिहिलात ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे त्याचा सडा पडतो. रात्रपाळी करून घरी येणाऱ्या बाईच्या वाटेवर याहून नेमकं दुसरं काय असणार? पाकळ्या पांढऱ्या साडीतूनच कापा, देठ केशरी दोऱ्यानं भरा. पांढऱ्यावर पांढरं उठून दिसायचं नाही, म्हणून फुलं इरकलीच्या गडद अंगावर लावा. दार आणि प्राजक्त, एवढंच पुरे. बाकीचं कापडच बोलेल.

इरकलीचं एक सांभाळा. तिचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा लाल रेशमी असतो, आणि तो लाल रंग पांढऱ्या साडीवर उतरला की सगळं संपलं. ओला पांढरा फडका पदरावर दाबून ठेवा. फडक्याला गुलाबी झाक आली, तर पदर या कामातून बाद. सगळं सुती कापड कापण्याआधीच धुऊन, वाळवून घ्या, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

पैठणीच्या पदराला हात लावू नका, तो आख्खाच राहू दे. कमरेला खोचतो त्या टोकाकडची पट्टी घ्या. ती कुणाला कधी दिसत नाही, पण अंगाशी सर्वांत जवळ तीच असते. जुनं रेशीम घडीवर विरतं, म्हणून आधी पट्टीखाली मलमल लावून कच्चे टाके घाला आणि मग शिवा. साडी घडीघडीला फाटायला लागली असेल, तर गोधडीचा भार तिच्यावर टाकू नका.

भिंतीसाठी तीन थर पुष्कळ झाले : खाली अस्तर, मध्ये एक मऊ सुती साडी आणि वर तुमचं काम. थर वाढवले की सुई अडते आणि टाके ओबडधोबड पडतात. टाचण्यांवर भागवू नका, आडवे-उभे कच्चे टाके घालूनच घ्या. आमच्याकडे कऱ्हाड भागात बायका वाकळ कडेपासून शिवायला घेतात आणि फेरे मारत मध्यावर येतात. तुम्हीही साधा धावदोराच घाला. पाठीमागे वरच्या कडेला चार बोटं रुंदीचा नेफा शिवा आणि त्यातून काठी घाला. कोपऱ्यांना कड्या लावून टांगलेली गोधडी मधे झोळ खाते. खिडकीसमोरची भिंत टाळा, उन्हानं इरकल उडेल.

एक मात्र नक्की करा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होऊन गेली. 1837 साली गुलामगिरीतच जन्मलेली. तिनं बायबलमधल्या गोष्टींची गोधडी शिवली, ती 1886 मध्ये अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत मांडली होती. चार-पाच वर्षांनी हलाखीपायी तिनं ती पाच डॉलरला विकली. विकत घेणारी चित्रकला शिक्षिका होती. पॉवर्सबाईंनी प्रत्येक चौकटीचा अर्थ तिला सांगितला आणि तिनं तो टिपून ठेवला. आज ती गोधडी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे, आणि चौकटींमध्ये काय आहे ते आपल्याला कळतं ते त्या टिपणांमुळे. तुमच्या नातवंडांना शाईचा डाग हा डागच वाटणार. तेव्हा पाठीमागे पांढऱ्या साडीचा एक तुकडा लावा, त्यावर आईचं नाव, रुग्णालयाचं गाव आणि डागाची हकिकत पेन्सिलीनं लिहा आणि ती अक्षरं दोऱ्यानं भरा. मार्कर पेन नको, तो फुटतो आणि पुसटही होतो.

प्रश्न : मला शिवता येत नाही. वडिलांच्या शर्टांची गोधडी गावातल्या एका आजींकडून करून घ्यायची आहे. मजुरी नगावर ठरवावी का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नगावर नको. साड्यांची गोधडी सरळ जाते. शर्टांत कॉलर, पट्ट्या, खिसे उसवण्यातच निम्मा वेळ जातो. रोजावर ठरवा, आणि तुमच्या गावात कुशल कामाचा जो रोज असेल तो द्या, शेतमजुरीचा नको. उसवायचं काम मात्र तुम्हीच करा, त्याला शिवण यावी लागत नाही. एखादा खिसा शाबूत ठेवा आणि तसाच वर लावायला सांगा. बाकी मांडणी आजींवर सोडा, आणि पाठीमागच्या तुकड्यावर वडिलांच्या नावाखाली त्यांचंही नाव घालून घ्या.