वही फाडू नका

प्रश्न : मुलगा सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षी 58 टक्के. 2025च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, तेव्हा आठ दिवस माढ्याकडे मदतीला गेला होता. तेव्हापासून एनडीआरएफचं, म्हणजे केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद दलाचं खूळ. वहीत ट्रॅक्टर कुणाकडे, पोहणारं कोण, कुठल्या वस्तीवर अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हेच लिहीत बसतो. वही फाडून टाकली तर ताळ्यावर येईल का? एमपीएससीचा क्लास सुचवा. – एक वडील

उत्तर : मला 58 टक्क्यांची काळजी नाही, वही फाडायच्या विचाराची आहे. पत्रात सगळं तुम्हीच बोललात. पोरगं नेमकं काय म्हणतं, ते एका ओळीत उरकलंत.

त्याचाही एक गैरसमज आहे. एनडीआरएफमध्ये थेट भरती नसते. सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांतले जवान तिथे प्रतिनियुक्तीवर जातात. शिवाय ते बोलावल्यावर येतात. बोलवायचं कुणी, आसऱ्याला शाळा कुठली उघडायची, हे जिल्ह्यातच ठरतं. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, सोबत पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्याचे प्रमुख. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनं वापरायला तयार ठेवणं ही स्थानिक संस्थांची कायदेशीर जबाबदारी. 2025च्या दुरुस्तीनं महापालिकेच्या शहरांसाठी वेगळं प्राधिकरण सांगितलं. तिथे आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष, म्हणजे तिथे जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची एक पायरी खाली! पण रात्री दोनला फोन उचलतात ते तहसीलदार, मुख्याधिकारी, तलाठी. आणि त्या वेळी त्यांना लागते ती असलीच वही.

म्हणजे तुम्ही ज्या परीक्षेसाठी त्याच्या मागे लागलाय, तिच्यातून मिळणाऱ्या खुर्चीवर बसून हेच काम करावं लागतं. बापलेक कशावरून भांडताय, मला कळेना.

बी.ए.नंतर आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी 'टिस'सारख्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) संस्थेतून जरूर करावी. नुसत्या प्रमाणपत्रासाठी खासगी संस्थेत लाखभर भरू नका. या नावाच्या जागा थोड्या, त्याही बऱ्याचदा कंत्राटी.

क्लास मी सुचवणार नाही. त्याला एकदा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियंत्रण कक्षात घेऊन जा. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा, आत त्याला बोलू द्या. जाण्याआधी वहीतले नंबर एकदा लावून बघायला सांगा. पुरानंतर निम्म्यांनी सिमकार्ड बदललेली असतील.