पालच्या जंगलात पहिल्यांदा रात्री जाताना

भाऊ, पालला, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात, रात्री जायचं तर वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या, हे आधी बघ. कॅमेरा घरीच राहू दे, पहिल्या खेपेला तो नुसता लोढणं होतो.

पोहोचलास की बॅटरी बंद करून गप बस. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच कुणी मोबाइल उघडला की सगळं मुसळ केरात! अंधुक काही दिसलं तर थेट रोखून बघू नकोस, जराशी बाजूला नजर ठेव. डोळ्याच्या पडद्यावर ऐन मधोमध अंधारात बघणाऱ्या पेशीच नसतात.

कानांवर मात्र लगेच विसंबू नकोस. उन्हाळ्यात सागाची पानं पापडासारखी वाळतात, त्यातून साधा उंदीर गेला तरी अस्वल आल्यागत वाटतं. आवाजाची लय ऐक. उंदीर थांबत थांबत खुडबुडतो, मोठं जनावर पावलं टाकतं. 'चक-चक-चक' असं कुणी लावून धरलं तर तो रातवा पक्षी, बिनधास्त बस.

चैत्रात मोहफुलांचा गोड, आंबूस वास दाटून आला, तर तिथे रेंगाळायचं नाही. ती फुलं अस्वलालाही आवडतात. वाटाड्या उठला की तूही ऊठ, कारण नंतर विचार.