पाचवीच्या परिसर अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका
ताई, मुलीच्या पाचवीच्या अभ्यासाचं आणि होमी भाभा या विज्ञानाच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं विचारलंत ना, तर पाचवीला परिसर अभ्यासाचे दोन भाग असतात, त्यातला भाग १ म्हणजे बऱ्यापैकी सायन्स, पण प्रश्नोत्तरं घोकून घेऊ नका हो, त्यापेक्षा जून-जुलैत मटकी पेरा, एक वाटी खिडकीत आणि एक कपाटात, पाणी दोन्हीला सारखंच, आठवड्याभरात कपाटातली लांबलचक, पिवळट आणि लुळी झालेली दिसेल, मग मुलीलाच विचारा असं का झालं, लगेच सांगू नका 😄 रोज पट्टीने मोजून वहीत लिहू दे, चित्र वाकडं आलं तरी चालेल. प्रोजेक्ट स्टेशनरीवाल्याकडून रेडीमेड आणू नका प्लीज. आणि होमी भाभा परीक्षा फक्त सहावी आणि नववीला असते, त्याचा क्लास आत्ता कशाला?